ग्रँड सिकोचं पहिलं घड्याळ, पुन्हा

2017 च्या मार्च महिन्यात बाझेलच्या घड्याळ-प्रदर्शनात सिको कंपनीने ग्रँड सिको हा स्वतंत्र ब्रँड म्हणून जाहीर केला. तोवर या घड्याळांच्या तबकडीवर बाराच्या आकड्याखाली 'सिको' लिहिलेलं असे आणि 'ग्रँड सिको' खाली सहाच्या बाजूला. आता वरचं नाव गेलं आणि खालचं वर आलं. जपानबाहेर हा बदल अनेकांना नवा वाटला, पण 1960 च्या पहिल्या ग्रँड सिकोवर वर एवढंच नाव होतं. म्हणूनच 2017 मध्ये कंपनीने ते पहिलं घड्याळ नव्याने घडवून मोजक्या संख्येत बाजारात आणलं: प्लॅटिनममध्ये 136, पिवळ्या सोन्यात 353 आणि स्टीलमध्ये 1960.

मूळ घड्याळ नागानो प्रांतातल्या सुवा सेकोशा कारखान्यात तयार झालं. त्या काळात सिकोचे दोन कारखाने एकमेकांशी ईर्ष्येने झुंजत होते, एक सुवात, दुसरा टोकियोत. सुवाने ग्रँड सिको काढलं, तर टोकियोच्या दाइनी सेकोशाने पुढच्याच वर्षी किंग सिको. मालक एकच असूनही अभियंत्यांमधली ही चुरस खरी होती, आणि माझ्या मते जपानी घड्याळ उद्योगाची निम्मी प्रगती तिच्यातूनच झाली. पहिल्या ग्रँड सिकोची किंमत 25 हजार येन होती. नव्या पदवीधराला तेव्हा महिन्याला मिळणाऱ्या पगाराच्या ती जवळजवळ दुप्पट भरत असे. स्विस घड्याळांच्या बरोबरीचं घड्याळ आपल्याला जमतं, हे दाखवायची जिद्द त्यामागे होती.

पुढे याच घराण्याने यांत्रिक घड्याळाचा जवळजवळ शेवट केला. 25 डिसेंबर 1969 रोजी सुवाहून ॲस्ट्रॉन आलं, जगातलं पहिलं विक्रीस ठेवलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, चूक महिन्याला पाच सेकंद. या अचूकतेपुढे चावीच्या घड्याळाचं काही चालेना. 1970 च्या दशकाच्या मध्यावर यांत्रिक ग्रँड सिको बंद पडलं आणि त्याच्यावर हात बसलेले कारागीर दुसऱ्या कामांना लागले. ते पुन्हा सुरू व्हायला 1998 उजाडलं. या मधल्या दोन दशकांचा विचार केल्याशिवाय 2017 चं घड्याळ कळत नाही. बंद पडलेलं यंत्र कागदावरच्या नकाशावरून परत उभारता येतं. हाताची सवय मात्र एका पिढीने दुसरीला शिकवावी लागते.

ती सवय कुठे दिसते? हेअरस्प्रिंग बसवताना. केसाएवढी बारीक गुंडाळलेली ही स्प्रिंग बॅलन्स व्हीलला मागेपुढे झुलवते आणि तिचा आकार जरा बिघडला की घड्याळ कधी पुढे धावतं, कधी मागे रेंगाळतं. इवाते प्रांतातल्या शिझुकुइशी येथे कारागीर चिमट्याने तिचं एकेक वेटोळं सरळ करतात, भिंगातून पाहतात, पुन्हा स्पर्श करतात. यंत्राने कापलेले भाग कितीही अचूक असले तरी हे काम त्यांच्याकडेच राहिलं आहे. त्यानंतर प्रत्येक यंत्र 17 दिवस तपासलं जातं, सहा स्थितींत आणि तीन वेगवेगळ्या तापमानांत. स्विस क्रोनोमीटर चाचणी 15 दिवसांची, पाच स्थितींची असते. दिवसाला सरासरी पाच सेकंद पुढे किंवा तीन सेकंद मागे, एवढीच चूक ग्रँड सिकोला मान्य आहे.

नव्या घड्याळाच्या आतलं यंत्र 9एस64, हाताने चावी द्यायचं, सेकंदाला आठ ठोके टाकणारं आणि एका चावीवर तीन दिवस चालणारं. शुक्रवारी संध्याकाळी चावी देऊन काढून ठेवलं, तरी सोमवारी सकाळी ते चालूच असतं. 1960 च्या यंत्राचे ठोके सेकंदाला पाच होते. एचएमटी जनताला रोज सकाळी चावी देत वाढलेल्या आपल्या पिढीला तीन दिवस टिकणाऱ्या चावीचा फरक वेगळा समजावावा लागणार नाही. एचएमटीच्या घड्याळांचा जन्मही 1961 मध्ये जपानीच हातभाराने झाला होता, फक्त तो सिटिझन कंपनीचा.

तबकडीकडे जरा वेळ पाहा. तारखेची खिडकी नाही, आकडे नाहीत. तासांच्या जागी धारदार पैलूंच्या पट्ट्या आणि तशाच पैलूंचे काटे, हिऱ्याच्या पात्याने कापलेले. उजेड थोडा जरी असला तरी काट्याची एक बाजू चमकते, दुसरी काळी दिसते आणि वेळ झटकन वाचता येते. सुटाच्या बाहीखाली घालायच्या घड्याळाला याहून जास्त काही लागत नाही. मूळ घड्याळाची काच प्लास्टिकची होती. नव्यात तोच फुगीर आकार नीलमणी काचेत काढला आहे, आणि हे काम मुळीच सोपं नाही.

एक तक्रार आहे. मूळ घड्याळ 35 मिलिमीटरच्या आत होतं, नवं 38 आहे. आजच्या मनगटांना मोठं घड्याळ आवडतं हे मान्य, पण या तबकडीची सगळी मोकळीक छोट्या आकारासाठी बेतलेली होती. तीन मिलिमीटरने ती किंचित रिकामी वाटते. कंपनीने ते मूळ आकारातच काढायचं धाडस करायला हवं होतं.

आणि ज्यांना ही मर्यादित आवृत्ती आता दामदुप्पट किमतीला घ्यावीशी वाटते, त्यांना एवढंच सांगायचं: त्याच 9एस64 यंत्राचं, तारखेशिवायचं, 37.3 मिलिमीटरचं घड्याळ ग्रँड सिकोने आपल्या नेहमीच्या मालिकेतही काढलं आहे. आवृत्तीच्या संख्येसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते घ्या, आणि तिजोरीत न ठेवता रोज वापरा.