‘एलजीटीएम’ लिहिलं म्हणजे रिव्ह्यू झाला?

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारा थळ घाटाचा रेल्वेमार्ग १८६५ साली खुला झाला. उतार असा की दर ३७ फुटांना एक फूट खाली. त्यामुळे मुंबईकडे निघालेल्या गाडीचे ब्रेक घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला तपासले जातात. ही तपासणी उताराची गरज आहे. लोको पायलटच्या कौशल्यावर कोणी शंका घेत नसतं. सॉफ्टवेअर टीममध्ये मात्र पुल रिक्वेस्टवर (पीआर, म्हणजे सहकाऱ्यांनी तपासून आत घ्यावा म्हणून पाठवलेला कोडमधला बदल) चार कमेंट आल्या की लिहिणाऱ्याचा चेहरा उतरतो. ‘रिव्ह्यू म्हणजे माझी परीक्षा’ हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज.

‘रिव्ह्यू फक्त बग पकडण्यासाठी असतो’ हा दुसरा. मायकेल फेगन यांनी १९७६ साली आयबीएममधल्या औपचारिक कोड तपासणीची पद्धत मांडली, तेव्हा चुका लवकर सापडाव्यात हाच हेतू होता. पण २०१३ साली मायक्रोसॉफ्टमधल्या टीमचा अभ्यास झाला, त्यात वेगळंच दिसलं. रिव्ह्यू कशासाठी, तर बग शोधायला, असं बहुतेकांनी सांगितलं. प्रत्यक्षात जास्त कमेंट कोड अधिक सुबक, वाचनीय करण्याविषयी होत्या. शिवाय एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला कळणं हा मोठा लाभ होता. आणि सगळ्यात अवघड काय, तर हा बदल नेमका कशासाठी केलाय हे समजणं. म्हणून पीआरच्या वर्णनात ‘काय बदललं’ यापेक्षा ‘का बदललं’ लिहा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच.

‘दुसऱ्याने अप्रूव्ह केलंय, आता काळजी नको,’ असं म्हणणाऱ्यांनी ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षेतला दोष आठवावा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला तो सदोष कोड दुसऱ्या जाणकाराने पाहूनच २०११च्या अखेरीस आत घेतला होता. समोरून आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे का, ही एक तपासणी राहून गेली. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर एका फटक्यात बाहेर मागवता येत होता. एप्रिल २०१४ मध्ये हे जगजाहीर झालं. माझ्या मते यातून शिकण्यासारखं एवढंच: लिहिलेली ओळ बरोबर आहे का हे डोळा सहज पाहतो, पण न लिहिलेली ओळ मुद्दाम शोधावी लागते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक आकड्यापाशी थांबून ‘हा खोटा असला तर?’ असं विचारायला हवं.

हे विचारायला डोकं ताजं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी दोन हजार ओळींचा पीआर आला की रिव्ह्यूअर खाली स्क्रोल करत जातो आणि ‘एलजीटीएम’ (‘लुक्स गुड टू मी’, म्हणजे ‘मला ठीक वाटतंय’) टाकून मोकळा होतो. सिस्कोमधल्या पाहणीनंतर एका वेळी २०० ते ४०० ओळींची मर्यादा सुचवली गेली. गूगलने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या बदलांचा मध्यक तर अवघ्या २४ ओळींचा होता. स्पेस आणि कंसांचे वाद फॉर्मॅटरवर सोपवावेत. त्यात माणसांचा वेळ घालवणं मला पटत नाही.

राहिला तो ‘ज्युनिअरने सीनिअरचा कोड काय तपासायचा?’ हा प्रश्न. गूगलमध्ये रिव्ह्यू सुरू झाला तोच मुळी इतरांना समजेल असा कोड लिहिला जावा म्हणून. तेव्हा नव्याने आलेल्या मुलीने ‘सर, हे फंक्शन मला कळलं नाही’ असं लिहिलं, तर ती त्या पीआरवरची महत्त्वाची कमेंट आहे. तिला चॅटवर समजावून विषय मिटवू नका, फंक्शन बदला.