बांधावरचा खाटीक राखा

बाभळीच्या काट्याला टोचलेला नाकतोडा किंवा सरडा आपण कधीतरी पाहिला असेल. हे काम खाटीक पक्ष्याचे. त्याची चोच आकडीसारखी असते, पण पाय ससाण्याइतके बळकट नसतात. म्हणून भक्ष्य काट्यात अडकवून तो त्याचे तुकडे करतो.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी स्थापन झाले. पर्जन्यछायेतील हे गवताचे व काटेरी झुडपांचे रान खाटकालाही मानवते. टेहळणीसाठी उंच शेंडा, शिकारीसाठी मोकळी जमीन आणि घरट्यासाठी काटेरी झाड, या तीन गोष्टी त्याला लागतात. मात्र अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. त्याबाहेर त्याला आसरा आपल्या बांधांचा व माळाचाच.

नाकतोडे, भुंगेरे, अळ्या व उंदरांची पिल्ले हे त्याचे खाद्य. एकटा खाटीक कीड आटोक्यात आणील असे नव्हे, परंतु तो बिनखर्चाचा मदतनीस आहे. झुडपे तोडली की त्याचे घरटे जाते आणि वरचेवर फवारण्या केल्या की खाद्य संपते.

तेव्हा बांधावर बोर, हिवर, बाभळीची काही झुडपे राखावीत. बांध पेटवू नयेत. हरभऱ्यात हेक्टरी ५० पक्षीथांबे लावावेत. ओळीच्या एक मीटर अंतरात १ ते २ घाटेअळ्या आढळल्या, तरच फवारणी करावी.