बोधचिन्हाचे मोल

बाजारात गिऱ्हाईक वांगे दाबून पाहते, कापडाचा पोत बोटांनी चाचपते. बोधचिन्ह विकत घेणाऱ्या उद्योजकाला मात्र असे काहीच करता येत नाही. मालाचा कस विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाही. अर्थशास्त्रात याला विषम माहितीचा व्यवहार म्हणतात. उपयोजित चित्रकार या अडचणीतून बहुधा सोपी वाट काढतात : चार-पाच नमुने टेबलावर मांडायचे आणि ‘कोणता आवडला?’ असे विचारायचे. मग निर्णय मालकाच्या आवडत्या रंगावर, प्रसंगी त्याच्या मेहुण्याच्या मतावर होतो, आणि मेहनतान्याची घासाघीसही तेथूनच सुरू होते.

१९८६ साली अमेरिकेत पॉल रँड यांनी नेमके याच्या उलट केले. ‘ॲपल’मधून बाहेर पडलेले स्टीव्ह जॉब्ज तेव्हा ‘नेक्स्ट’ ही संगणक कंपनी उभारीत होते. त्यांनी काही पर्याय मागितले. रँड यांनी उत्तर एकच मिळेल, ते वापरणे न वापरणे तुमच्याकडे, पैसे मात्र द्यावे लागतील, असे बजावले. मोबदला होता एक लाख डॉलर! (असा बाणेदारपणा परवडण्यास पाठीशी ‘आयबीएम’च्या बोधचिन्हाची कीर्ती असावी लागते, हेही खरेच.)

तथापि रँड यांचे खरे सामर्थ्य बोधचिन्हासोबत दिलेल्या सुमारे शंभर पानांच्या पुस्तिकेत दिसते. तीत चिन्ह एकदम समोर येत नाही. आधी कंपनीचे नाव निरनिराळ्या टंकांत मांडलेले आहे. रोमन लिपीतील चारही अक्षरे मोठी घेतली, तर त्या नावाची ‘एक्झिट’ या शब्दाशी गल्लत होते. म्हणून ‘ई’ लहान, असे कारण तेथे दिले आहे. मग दोन ओळींची मांडणी, घनाकृती, तिच्या कलतेपणातून येणारा मोकळेपणा, अशी एकेक पायरी चढत वाचणारा त्या आकृतीपर्यंत जवळजवळ स्वतःच पोहोचतो.

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारलेल्या रुपयाच्या चिन्हामागेही असाच उलगडा होता. देवनागरी ‘र’, रोमन ‘आर’ आणि शिरोरेषा. उदयकुमार यांची ही कल्पना कोणत्याही शिक्षकाला फळ्यावर दोन मिनिटांत समजावून देता येते.

नवख्या चित्रकारापाशी रँड यांची पत नसते आणि काम हाती येण्यापूर्वीच त्याच्याकडे फुकट नमुने मागितले जातात. त्यानेही नमुन्यांऐवजी एक पान लिहून न्यावे : हे चिन्ह कोण पाहणार, कोठे पाहणार, त्याची गल्लत कशाशी होईल. चित्र तयार झाल्यावर ते कोऱ्या कागदावर न दाखविता दुकानाच्या पाटीवर, मालाच्या खोक्यावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बसवून दाखवावे. मग मेहुण्यालाही मत देण्यापूर्वी ते पान वाचावे लागेल.