दोन मिनिटं शेगडी, बाकी सगळं गारेगार

जपानमधला जुलै-ऑगस्ट दमट आणि चिकचिकीत. अशा दुपारी तिथल्या घरात शेगडी पेटते ती जेमतेम दोन मिनिटं, कारण ताटात असतं सोमेन: गव्हाच्या, केसासारख्या बारीक शेवया, बर्फाच्या पाण्यात.

किती बारीक? यंत्रावरची शेव १.३ मिलिमीटरहून कमी जाडीची असेल तरच ती सोमेन. त्याहून जाड, १.७ पर्यंत, झाली की तिचं नाव हियामुगी!

गंमत म्हणजे हाताने ओढलेलं उत्तम सोमेन तयार होतं ऐन थंडीत. नारा प्रांतातलं मिवा त्यासाठी प्रसिद्ध. कणकेला तेलाचा हात लावत ती ताणत न्यायची, वाळवायची आणि कोठारात मुरवायची. पावसाळा पाहिलेलं जुनं सोमेन जास्त भाव खातं, कारण ते शिजल्यावरही ताठ राहतं. आपण उन्हाळ्यात वाळवणं घालून पावसाळ्यात खातो, तिथे थंडीतली मेहनत उन्हाळ्यात ताटात येते.

खरी कसोटी शिजवल्यानंतर. वाहत्या गार पाण्याखाली शेवया हाताने चोळून धुवायच्या. वरचं तेल आणि पिठूळपणा गेला की त्या सुळसुळीत होतात. इथे अजिबात घाई नको.

मियाझाकीतल्या ताकाचिहोत तर १९५९पासून बांबूच्या पन्हळीतून सोमेन वाहत येतं. समोरून जाताना चॉपस्टिकने पकडायचं, हुकलं की पुढच्याचं!

बुडवायला वाटीत सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड वाइन) आणि दाशी, म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. याच कोंबूतून रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८मध्ये ग्लुटामेट वेगळं काढलं आणि जगाला 'उमामी' चव कळली. शाकाहाऱ्यांनी हिरमुसू नये. जपानी बौद्ध मठांत दाशी करतात कोंबू आणि सुक्या शिताके अळंब्यांची. दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवा, शेगडी लागतच नाही.

जोडीला गार तोफू, वर किसलेलं आलं, पातीचा कांदा, सोया सॉसचे थेंब. साधा वाटतो? १७८२मध्ये ओसाकात तोफूच्या शंभर पाककृतींचं पुस्तक निघालं आणि इतकं खपलं की पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढावा लागला.

प्यायला मुगिचा, भाजलेल्या सातूचा गार चहा. यात कॅफिन नाही, त्यामुळे पोरंही घटाघटा पितात.

आणि या गार ताटाच्या जोडीला कारलं? जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावात ते उन्हाळ्याचं लाडकं. तोफू-अंड्याबरोबर परततात, आणि कडूपणा ठेवतात!