कामावर परतलेल्या आईसाठी

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नासोबत ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून मिळते, म्हणून हिशेब जुळल्यासारखा वाटतो. मात्र त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर आई कामावर येते तेव्हा बाळ जेमतेम १८ आठवड्यांचे असते.

दूध जितके निघते, तितके तयार होते. कामाच्या आठ-नऊ तासांत ते काढलेच नाही, तर छाती दाटते, गाठी होतात, कधी तापही भरतो. रोजच असे झाले की दूध आटू लागते. नोकरी सुरू होताच अंगावरचे पाजणे सुटते, ते बहुतेकदा यामुळेच.

बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ देणे कायद्याने बंधनकारक आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. पाळणाघर आवारातच असेल, तर यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. पण आई चर्चगेटला आणि बाळ विरारला आजीजवळ असेल, तर त्या वेळेत दूध काढून ठेवणे एवढेच हाती उरते.

त्यासाठी कडी लागणारी खोली, खुर्ची, पंपासाठी प्लग, हात धुवायला पाणी आणि फ्रिज पुरतो. कुणी आत येईल या धास्तीने पान्हा अडतो, म्हणून एकांत महत्त्वाचा. स्वच्छतागृहात दूध काढायला लावणे सर्वस्वी गैर. ते बाळाचे अन्न आहे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवूच नये.

खोली असूनही वापरली जात नाही, याचे कारण अनेकदा वरिष्ठांच्या कपाळावरची आठी असते. काउंटरवर किंवा मशीनवर त्या वेळी कोण उभे राहील, हे आई रजेवर जाण्यापूर्वीच ठरवावे. सुरुवातीचे काही आठवडे कमी तास किंवा शक्य तिथे घरून काम द्यावे. आणि ती खोली कंत्राटी सफाई कामगार स्त्रीलाही तितकीच खुली असावी. तिला सहसा कुणी विचारतच नाही.