गादीतले खडे

“मणक्यात कॅल्शियम साचलंय, दूध बंद करा,” हा सल्ला एक्स-रे नुसता उजेडात धरून बघणारे शेजारीही देतात. दूध बिचारं निर्दोष आहे. मणक्याच्या गादीतले कॅल्शियमचे स्फटिक ताटातून तिथे जाऊन बसत नाहीत. गादीतल्याच बिघडलेल्या रसायनातून ते तयार होतात.

बाहेर चिवट तंतूंचं कडं आणि आत पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत गर, अशी ही गादी. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. वरखालच्या मणक्यांना लागून असलेल्या कूर्चेच्या पातळ थरातून जे झिरपेल त्यावर तिच्या पेशी जगतात. वयानुसार हे झिरपणं कमी झालं की पेशी मरू लागतात, गरातलं पाणी आटतं आणि गादी चपटी होते. ‘गॅप कमी झालाय’ म्हणतात ते हेच.

अशा गादीत मुख्यतः दोन जातींचे स्फटिक सापडतात. पेशींनी बाहेर सोडलेलं एटीपी, म्हणजे त्यांचं ऊर्जेचं चलन, मोडलं की पायरोफॉस्फेट सुटतं. त्याची कॅल्शियमशी गाठ पडली की पहिली जात तयार. गंमत म्हणजे हेच पायरोफॉस्फेट दुसऱ्या जातीला, हाडांतल्या खनिजासारख्या स्फटिकांना, रोखून धरतं. अल्कलाइन फॉस्फटेज या विकराने ते फोडलं की अडसर तर जातोच, वर फॉस्फेटचा कच्चा मालही मिळतो.

पहिल्या जातीचा छडा लागला तो मणक्यात नव्हे, सांध्यात. गाउटसारखा सांधा सुजलेल्या रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात अमेरिकेतले डॅनियल मॅकार्टी आणि सहकाऱ्यांना गाउटमधल्या युरेट स्फटिकांच्या सुयांऐवजी वेगळेच, बरेचसे आखूड आणि तिरप्या चौकोनी आकाराचे स्फटिक दिसले. 1962 साली त्यांनी त्या दुखण्याला ‘स्यूडोगाउट’ म्हटलं.

गादीतले स्फटिक बहुतेकदा गप्प असतात. एमआरआयमध्ये ते सहज निसटतात, सीटीत स्पष्ट दिसतात. पण दिसले म्हणून कंबरदुखीचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. क्वचित मात्र ते भडकतात. ताप, असह्य वेदना, रक्तात सूज दाखवणारा वाढलेला सीआरपी: चित्र थेट जंतुसंसर्गाचं, आणि मग सुईने नमुना काढून खात्री करावी लागते. पायरोफॉस्फेटचे खडे विरघळवणारं औषध आजही नाही; सूज उतरवणं तेवढं हातात आहे.

लहान मुलांच्या मानेतल्या गादीत साचलेलं कॅल्शियम मात्र बहुधा आपोआप विरून जातं. आणि ऐन उमेदीत पाठ आखडलेल्या माणसाच्या बऱ्याच गाद्या एक्स-रेत एकदम पांढऱ्या दिसल्या, तर जाणता डॉक्टर वेगळाच प्रश्न विचारतो: लघवी ठेवली की काळी पडते का? तसं असेल तर शंका अल्काप्टोन्युरिया या आनुवंशिक आजाराची.