शृंगार आणि वैराग्य : कवीश्वर भास्करभट्टाची कसोटी

ईश्वराची भक्ति आणि स्त्रीपुरुषांचें प्रेम यांचें काव्यांत पटतें कीं नाहीं, हा वाद फार जुना आहे. त्यावर तर्कानें पुष्कळ बोलतां येईल. परंतु मराठी वाङ्मयाच्या उषःकालींच एका थोर कवीला हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवावा लागला, आणि तोही स्वतःचेंच काव्य समोर ठेवून. त्याची हकीकत पाहिली असतां या वादाचें मर्म कळूं लागतें.

हा कवि म्हणजे भास्करभट्ट बोरीकर. श्रीचक्रधरांनीं तेराव्या शतकांत स्थापन केलेल्या महानुभाव पंथांत त्याला कवीश्वर म्हणत. हा पंथ कडक वैराग्याचा. घरदार सोडावें, आप्तांचा व स्वदेशाचा संबंध तोडावा, भिक्षान्नावर राहून परमेश्वराचें स्मरण करावें, असा तेथील आचार. परंतु पंथाची दीक्षा घेतली म्हणून संस्कृत काव्याचा व्यासंग आणि रसिक वृत्ति कांहीं कवीला सोडून जात नाहीं. चौदाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें 'शिशुपाळवध' हें ओवीबद्ध काव्य रचिलें. ग्रंथाचें नांव वधाचें. परंतु कवीचें मन रमलें तें द्वारकेंत. श्रीकृष्ण व रुक्मिणी यांची क्रीडा, रुक्मिणीचा रुसवा, तिचा विरह आणि पुनर्मीलन यांनींच ग्रंथाचा मोठा भाग व्यापिला आहे. शिशुपाळाचा वध त्या मानानें थोडक्यांत उरकला आहे.

येथें कवीनें देवाचें विस्मरण केलें, असें म्हणतां येत नाहीं. नायक साक्षात् श्रीकृष्ण, आणि तो तर पंथाच्या पंचकृष्णांतील एक. मग अडचण कोठें आली? तिचें मूळ साहित्यशास्त्रांत आहे. संस्कृत अलंकारिकांनीं शृंगाराला रसांत अग्रस्थान दिलें. भक्तीला मात्र नऊ रसांत जागा दिली नाहीं. अकराव्या शतकांतील मम्मटानें देवाविषयींच्या प्रीतीला 'भाव' म्हटलें, रस म्हटलें नाहीं. अर्थात् जो कवि शास्त्राप्रमाणें उत्तम काव्य करूं जाईल, तो भक्तीचा विषय घेऊनही शृंगाराकडेच ओढला जावयाचा. भास्करभट्टाचें तसेंच झालें.

पंथाच्या परंपरेंत अशी कथा सांगतात कीं, ग्रंथ पुरा होतांच त्यानें तो एका गुरुबंधूस दाखविला. त्यानें ग्रंथ वाईट म्हटला नाहीं. ग्रंथ चांगला साधला आहे, पण तो संसारांत रमणाऱ्या शृंगारप्रिय लोकांस योग्य आहे. निवृत्तांच्या कामाचा नाहीं, असा त्यानें अभिप्राय दिला. या अभिप्रायांतील विवेक लक्षांत घेण्यासारखा आहे. काव्यांत काय वर्णिलें आहे, एवढेंच त्यानें पाहिलें नाहीं. पोथी मिटल्यावर वाचकाच्या चित्तांत काय उरतें, तें पाहिलें. ज्यानें घर सोडलें त्याच्या चित्तांत घराचीच गोडी पुन्हां जागी झाली, तर नायक देव असून उपयोग काय?

कवीच्या दृष्टीनें हा घाव लहान नव्हता. इतक्या परिश्रमानें साधलेली कृति स्वकीयांच्याच उपयोगी नाहीं, हें त्याला ऐकावें लागलें. परंतु त्यानें वाद घातला नाहीं कीं लेखणी टाकली नाहीं. त्यानें भागवताचा एकादश स्कंध हातीं घेतला, आणि निजधामास जाण्यापूर्वीं श्रीकृष्णानें उद्धवास केलेला उपदेश मराठींत आणिला. हीच त्याची 'उद्धवगीता'. पुढें तो पंथाचा आचार्यही झाला.

यावरून भक्तीच्या काव्यांतून प्रेमाची भाषा हद्दपार झाली, असें मात्र कोणी समजूं नये. ज्ञानेश्वरांच्या नांवावरील विराण्या, एकनाथांच्या गौळणी, तुकारामांच्या विरहिणी यांत तीच तळमळ, तीच वाट पाहणें, तोच लोकलाजेचा त्याग आहे. फरक आहे तो कवीच्या जागेचा. 'शिशुपाळवधां'त कवि बाहेर उभा राहून रुक्मिणीचा विरह पाहतो व रंगवितो. श्रोताही बाजूस बसून त्याचा आस्वाद घेतो. विराणींत कवि स्वतःच विरहिणी होतो. तेथें पाहणारा निराळा उरत नाहीं. म्हणून शब्द शृंगाराचे असूनही त्यांतून ओढ लागते ती देवाची. हा तंटा, तेव्हां, प्रेम आणि भक्ति यांचा नाहीं. प्रेमाचें कौतुक करणें आणि स्वतः प्रेमांत सांपडणें, या दोहोंमधील आहे.

आतां राहिली त्या नापसंत ग्रंथाची गोष्ट. विरक्तांनीं तो नष्ट केला नाहीं. पंथाच्या मान्य अशा 'साती ग्रंथां'त 'उद्धवगीते'बरोबरच 'शिशुपाळवधा'सही त्यांनीं मानाचें स्थान दिलें. सांकेतिक लिपींत उतरून घेतलेल्या पोथ्यांच्या रूपानें पंथाचे ग्रंथ मठांतून शतकानुशतकें जतन झाले, आणि विसाव्या शतकांत त्या लिपीची उकल झाल्यावर हें काव्य सर्व मराठी वाचकांस खुलें झालें. जें आपल्या उपयोगाचें नाहीं असें वाटलें, त्याचेंही मोल त्या भिक्षेकरी संन्याशांनीं ओळखिलें होतें. रसिकतेची याहून मोठी साक्ष ती कोणती?